काळ्या दलदलीचे ऋण

ज्या भूमीत पाऊल रुतते, जिथे पेरलेले कुजते आणि जिथला माणूस वारंवार तापाने अंथरूण धरतो, अशा भूमीला आपल्या परंपरेत फारसा मान मिळालेला नाही. अमरकोशाने जलबहुल प्रदेशाला ‘अनूप’ असे नाव दिले. चरकसंहितेने देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार मानले आणि आनूप देशात वातकफांचे विकार बळावतात असे सांगितले. आपल्या शेतकऱ्याच्या बोलीत पाणी धरून बसलेल्या जमिनीला ‘चिबड’ म्हणतात. कृष्णाकाठच्या ऊसकऱ्याच्या तोंडी हा शब्द आला, की त्यामागे बुडालेले पीक, डोक्यावरचे कर्ज आणि हताशपणा हे सारे उभे राहते. पाणथळ भूमी ही दुखणाईत भूमी होय आणि निचरा हेच तिचे औषध होय, ही समजूत फार जुनी आहे. ती सर्वस्वी खोटी आहे असेही नाही.

परंतु एखादी भूमी निरुपयोगी आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते त्या भूमीचे वर्णन असते की आपल्या गरजेचे? आणि पूर्वजांनी अतोनात कष्ट करून ती उपयोगी केली व वारसांच्या हाती सोपवली, तर सुपीकतेबरोबर आणखी काय वारसांकडे येते? या प्रश्नाचा विचार नुसत्या तत्त्वांच्या आधाराने करण्यापेक्षा एका प्रत्यक्ष भूमीचे चरित्र पुढे ठेवून करावा, असे आम्हांस वाटते. ही भूमी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या वायव्य कोपऱ्यात आहे. तिला ‘ग्रेट ब्लॅक स्वॉम्प’, म्हणजे मोठी काळी दलदल, असे म्हणत. इतक्या दूरचे उदाहरण घेण्यास कारण आहे. तिथे आरंभापासून परिणामापर्यंतची सारी साखळी अवघ्या दोनशे वर्षांत घडली आणि ती लिहून ठेवलेली आहे. शिवाय ज्यांची कुळे मूळ गाव सोडून इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे वा हैदराबाद येथे येऊन स्थिरावली, त्यांना नव्या भूमीत घर मांडणाऱ्यांची ही कथा अगदीच परकी वाटू नये.

या प्रदेशाच्या तळाशी चुनखडीचा आणि डोलोमाइटचा खडक आहे. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात तो घडला. त्यावर हिमयुगातील हिमनद्यांनी दगडगोटे मिसळलेल्या चिकणमातीचा जाड थर पसरला. सुमारे १४,००० वर्षांपूर्वी हिमनदी मागे हटू लागली, तेव्हा वितळलेल्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर येथे साचले. आजचे ईरी सरोवर हे त्याचेच आकसलेले रूप होय. सरोवर ओसरले आणि मागे उरला तो त्याचा सपाट तळ. येथे मैलामागे उतार काही फुटांचाच. खाली चुनखडीच्या खडकाला भेगा आहेत, पाणी जिरवण्याची शक्ती आहे. परंतु मधली चिकणमाती पाण्याला तिथवर पोहोचू देत नाही. वर उतार नाही, खाली वाट नाही, अशा स्थितीत पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी महिनोन्‌महिने उभे राही.

अशा भूमीत जे रान वाढले तेही पाण्यात पाय ठेवून उभे राहणाऱ्या वृक्षांचे होते. सखल भागात एल्म, ॲश आणि मेपल. किंचित उंचावर बीच आणि बासवुड. जुन्या सरोवराच्या वाळूच्या किनारपट्ट्यांवर ओक आणि हिकरी. दर वर्षी पाने गळून साचलेल्या पाण्यात पडत. पाण्याखाली हवा खेळत नसल्याने ती अत्यंत सावकाश कुजत. शतकानुशतके हे चालल्यावर वरचा थर काळा झाला, आणि खोलगट जागी तर नुसता मऊ काळा चिखल तयार झाला. मातीत चुनखडीचे कण मिसळलेले असल्याने ती आंबटली नाही. पुढे ज्या सुपीकतेचे एवढे कौतुक झाले, ती या साचलेपणातूनच निपजली होती. जमीन वाईट ठरली ती पाणी धरून ठेवते म्हणून, आणि सुपीक निघाली तीही पाणी धरून ठेवत आली म्हणून. ही गोष्ट पुढील विचारासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दलदलीचा विस्तार सुमारे १२० मैल लांब आणि ३० ते ४० मैल रुंद असा सांगितला जातो. तिच्या भोवतालचे नदीकाठ ओटावा, वायन्डॉट आदी जनांच्या वस्तीचे होते आणि दलदलीच्या रानात ते शिकार करीत. १८१७ साली मॉमी नदीच्या काठी झालेल्या करारान्वये त्यांनी वायव्य ओहायोतील बहुतेक भूमीवरचा हक्क सोडला. १८३० च्या दशकात ओटावांना पश्चिमेकडे धाडण्यात आले आणि १८४३ साली वायन्डॉटांचा शेवटचा समूह ओहायो सोडून गेला. म्हणजे ‘ओसाड’ म्हणून जी भूमी वसाहतवाल्यांच्या पुढे आली, ती ओसाड केली गेलेलीही होती. या कथेतील हे पहिले देणे होय, आणि ते फेडण्याची वाट सर्वांत अवघड आहे.

आलेल्या वसाहतवाल्यांना ही भूमी सोपी गेली नाही. पेरिसबर्गहून आजच्या फ्रीमाँटकडे जाणारा ३१ मैलांचा रस्ता दलदलीतून जात असे आणि तो त्या काळी देशातील अत्यंत वाईट रस्त्यांपैकी एक म्हणून कुप्रसिद्ध होता. त्या ३१ मैलांत ३१ खाणावळी होत्या असे सांगतात. कारण दिवसाकाठी गाडी मैलभर सरकली तरी पुष्कळ. रस्त्यावरच्या मोठमोठ्या चिखलखड्ड्यांजवळ राहणारे लोक बैल लावून रुतलेल्या गाड्या बाहेर काढीत आणि त्याचे पैसे घेत. अमुक खड्डा अमक्याचा, असा हक्कच मानला जाई आणि तो हक्क विकलाही जाई, अशी नोंद आहे. चिखल नाहीसा व्हावा असे न वाटणारा माणूसही चिखलातच निर्माण होतो, हे यावरून दिसते. दुसऱ्याच्या अडचणीवर ज्याची उपजीविका बेतली गेली, तो ती अडचण दूर करण्यास कितपत झटेल, हा प्रश्न त्या रस्त्याबरोबर संपलेला नाही.

याहून भयंकर होता तो थंडीतापाचा उपद्रव. दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेने ताप येतो, अशी त्या काळच्या वैद्यकाची धारणा होती. ती चुकीची होती. मलेरियाचा डासाशी असलेला संबंध रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे १८९७ साली दाखवून दिला, आणि तोवर ओहायोच्या दलदलीचा फार मोठा भाग कोरडा झालेला होता. कारण चुकीचे धरून लोकांनी जो उपाय केला, तो त्यांच्यापुरता योग्य ठरला. पाणी गेले, डास घटले, ताप हटला. ज्यांनी तापाने फणफणणारी मुले मांडीवर घेतली होती, त्यांनी चर खणले. त्यांच्या त्या कृतीकडे आज नाक मुरडून पाहणे आम्हांस योग्य वाटत नाही.

निचऱ्याचे काम एकट्यादुकट्याचे नव्हते. सपाट प्रदेशात एकाने आपल्या शेतातले पाणी काढायचे म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात सोडायचे. १८५९ साली ओहायोच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याने काउंटीच्या कारभाऱ्यांना सार्वजनिक चर खणण्याचा आणि ज्यांच्या जमिनीला लाभ होईल त्यांच्याकडून खर्च वसूल करण्याचा अधिकार दिला. पुढील काही दशकांत सबंध प्रदेशावर चरांचे जाळे पसरले आणि शेताशेताखाली भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या गेल्या. या नळ्या तिथल्याच चिकणमातीच्या. ज्या मातीने युगानुयुगे पाणी अडवले, तीच भट्टीत भाजून पाणी वाहून नेण्यास लावली गेली. १८९० च्या दशकात बोलिंग ग्रीन येथील जेम्स हिल यांनी वाफेच्या शक्तीवर चर खणणारे यंत्र तयार केले आणि कामाचा वेग आणखी वाढला. एल्मच्या लाकडाच्या पिपांसाठी पट्ट्या झाल्या, ओक जहाजांसाठी गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी दलदल जवळजवळ संपली होती, आणि तिच्या जागी मका आणि गहू पिकवणारी, देशातील उत्तम शेतजमिनींत गणली जाणारी शेते उभी होती. सोयाबीन पुढे आले.

१८५९ च्या त्या कायद्यात एक नैतिक जाण होती, तिची दखल घेतली पाहिजे. पाणी बांध मानीत नाही, म्हणून पाण्याच्या बाबतीत कोणीही स्वतंत्र मालक असू शकत नाही. ज्याच्या शेतातून पाणी जाते आणि ज्याच्या शेतात ते येते, ते दोघे एका बंधनात आहेत, हे त्या कायद्याने मान्य केले. शेजारधर्माला त्याने कायद्याचे रूप दिले म्हटले तरी चालेल. उणीव एवढीच, की हा शेजार नदीच्या मुखाशी संपला. चर नदीला मिळाला आणि नदी सरोवराला मिळाली, की हिशेब पुरा झाला असे सर्वांनी धरले. सरोवराच्या काठीही माणसे राहतात आणि तेच पाणी पितात, याचा विचार हिशेबात आला नाही. त्या वेळी तो येणे अवघडही होते, कारण तेव्हा चरांतून जे वाहत होते ते बहुतांशी पाणी आणि गाळ एवढेच होते.

पुढच्या शतकात शेतीत रासायनिक खते आली, मोठमोठे गोठे आणि वराहपालन केंद्रे आली आणि त्यांचे शेणखत शेतांवर पसरू लागले. दलदल असती, तर पाणी तिच्यात रेंगाळले असते, गाळ खाली बसला असता, वनस्पतींनी बरेचसे फॉस्फरस शोषून घेतले असते. आता ते काम करणारे कोणी उरले नव्हते. मातीच्या भेगांतून झिरपलेले पाणी विरघळलेले फॉस्फरस घेऊन जमिनीखालच्या नळ्यांत, नळ्यांतून चरांत, चरांतून मॉमी नदीत आणि तेथून ईरी सरोवराच्या उथळ पश्चिम भागात पोहोचते. तिथे उन्हाळ्यात निळ्या-हिरव्या शैवालाचा थर माजतो. १९६० च्या दशकात हे सरोवर मेले असे लोक म्हणू लागले होते. १९७२ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी करार केला, सांडपाणी आणि साबणातील फॉस्फेट यांवर नियंत्रण आणले, आणि सरोवर पुष्कळ सुधारले. परंतु १९९० च्या दशकाच्या मध्यापासून शैवाल पुन्हा बळावू लागले. या वेळी मुख्य वाटा शेतांतून येणाऱ्या फॉस्फरसचा होता. मुसळधार पावसाचे वाढते प्रमाण आणि बाहेरून आलेले शिंपले ही कारणेही त्यात सांगितली जातात.

२ ऑगस्ट २०१४ रोजी टोलीडो शहरात नळाचे पाणी पिऊ नका, असा आदेश निघाला. शैवालातून निघणारे मायक्रोसिस्टिन नावाचे विष पाण्यात आढळले होते. पाणी उकळूनही उपयोग नव्हता, उलट उकळल्याने विष अधिक तीव्र होते. सुमारे ४ लाख माणसे जवळजवळ तीन दिवस जगातील गोड्या पाण्याच्या एका महासाठ्याच्या काठावर बसून बाटलीबंद पाण्यासाठी रांगा लावीत होती.

आता प्रश्न असा, की यात दोष कोणाचा? एक उत्तर सोपे आहे: दलदल ज्यांनी मोडली त्यांचा. हे उत्तर आम्हांस अन्याय्य वाटते. फॉस्फरसाचे हे गणित त्यांना ठाऊक नव्हते, त्या खतांचा वापर त्यांच्या काळात नव्हता, आणि ताप मात्र त्यांच्या घरात होता. दुसरे उत्तरही तितकेच सोपे आहे: पूर्वजांचा दोष नाही आणि आम्ही तर त्या वेळी जन्मलोही नव्हतो, तेव्हा कोणाचेच काही लागत नाही. हे उत्तर पहिल्याहून अधिक घातक होय. दोष नाही म्हणजे देणेही नाही, असे त्यात गृहीत धरले आहे, आणि तिथेच घोटाळा होतो.

दोष आणि ऋण या दोन वस्तू भिन्न आहेत, हे आपल्या धर्मशास्त्राने फार पूर्वी ओळखले होते. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरांनी कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिली. ते कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. त्या परंपरेत पित्याचे ऋण पुत्राने आणि पौत्राने फेडावे असे सांगितले आहे. ते फेडताना पुत्र अपराधी ठरत नाही. त्याने काही वाईट केले असे कोणी म्हणत नाही. मद्यपान, द्यूत अशा व्यसनांपायी केलेले कर्ज मात्र पुत्रावर येत नाही, असा अपवादही तिथेच आहे. म्हणजे जे कर्ज कुटुंबाच्या चरितार्थासाठी, सरळ हेतूने झाले, तेच वारसावर येते. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्ती कायद्याने, त्यानंतरच्या कर्जांपुरते, केवळ या धार्मिक कर्तव्याच्या आधारे पुत्रावर दावा लावण्याचा मार्ग बंद झाला, आणि कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु त्या कल्पनेतील नैतिक गाभा निकालात निघाला असे आम्हांस वाटत नाही. दलदलीचे देणे याच जातीचे आहे. ते पाप नसल्यामुळे त्याला प्रायश्चित्त नाही. ते चरितार्थासाठी काढलेले कर्ज आहे, म्हणून त्याला फेड आहे.

या मताविरुद्ध एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. आजचा शेतकरी म्हणेल, ‘ही जमीन मी बाजारभावाने विकत घेतली. माझ्या आधीच्या चार पिढ्यांनी नफा घेतला, सबंध देशाने स्वस्त धान्य खाल्ले, आणि कर्ज तेवढे माझ्या एकट्याच्या सातबाऱ्यावर का?’ शब्द आमचे असले, तरी तक्रार खरी आहे. ज्याने लाभ घेतला त्याने खर्च सोसावा, हे तत्त्व १८५९ च्या कायद्यातच होते. त्याच तत्त्वाने पाहिले, तर धान्य खाणारा शहरवासीही ऋणको ठरतो. टोलीडोचा नागरिक या खटल्यात धनकोही आहे आणि ऋणकोही. म्हणून फेडीचा भार सार्वजनिक निधीने उचलणे ही शेतकऱ्यावरची कृपा नव्हे. लाभाच्या प्रमाणात केलेली ती वाटणीच आहे.

दुसरी अडचण धनकोची. माणसांचे देणे माणसे मागू शकतात. सरोवर कसे मागणार? फेब्रुवारी २०१९ मध्ये टोलीडोच्या मतदारांनी ईरी सरोवराला अस्तित्वाचा आणि भरभराटीचा हक्क देणारा शहर-नियम मंजूर केला. दुसऱ्याच दिवशी जुन्या दलदलीच्याच क्षेत्रातील एका शेती भागीदारी संस्थेने त्याविरुद्ध दावा लावला, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये संघीय न्यायाधीशांनी तो नियम अतिशय संदिग्ध म्हणून रद्द ठरवला. कायद्याच्या भाषेत तो निर्णय रास्त असेलही. पण त्यातून सरोवराचे काही लागत नाही असे सिद्ध होत नाही. ते मागण्याची भाषा आपल्याला अद्याप साधलेली नाही, एवढेच सिद्ध होते. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण असे शब्द आहेत. तिथेही धनको दारात येऊन उभा राहत नाही. तरीही ती ऋणे पोकळ आहेत असे आपल्या पूर्वजांनी मानले नाही.

या दलदलीचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. १८३० च्या दशकात फ्रान्सहून आलेल्या पीटर गोल या वसाहतवाल्याने आर्चबोल्ड गावाजवळ जमीन घेतली. त्याच्या कुळाने शेते वाढवली, चर खणले, पण एक मोठे रान न तोडता ठेवले. पिढ्यांमागून पिढ्या ते तसेच राहिले आणि १९६६ साली राज्याने ते विकत घेऊन राखीव केले. आज ‘गोल वुड्स’ या सुमारे ३२० एकरांच्या राखीव वनात शेकडो वर्षांचे ओक उभे आहेत. या कुळाला फॉस्फरसाचे किंवा मायक्रोसिस्टिनचे भविष्य दिसले असण्याचा संभव नाही. त्यांनी एवढेच केले, की हातात होते ते सगळेच्या सगळे उपयोगात आणले नाही. आपल्या सत्तरीतील बांबर येथे निरंकाराच्या राईत रानटी जायफळाच्या कुळातील वृक्षांची पाणथळ टिकून आहे, ती देवाच्या नावाने टिकली. ओहायोची टिकली ती एका घराच्या मायेने. कारणे निराळी, पण दोन्ही ठिकाणी कोणीतरी उपयोगाच्या हिशेबाला कुठेतरी थांबवले.

आमच्या मते नीतीचा मुद्दा येथे येऊन ठेपतो. निरुपयोगी हा शब्द उच्चारणाऱ्याला त्या वस्तूचे सर्व उपयोग ठाऊक असावे लागतात, आणि तसे ज्ञान कोणत्याच पिढीकडे नसते. दलदल पाणी गाळते, हे तिला मोडून शंभर वर्षे झाल्यावर लोकांना कळले. म्हणून भूमी सुधारू नये असे नव्हे. दलदल सबंध परत आणा, असे आज तिथे शहाणा माणूस म्हणत नाही, कारण त्या शेतांवर आता लाखो घरांचे जेवण अवलंबून आहे. परंतु २०१९ पासून ओहायो राज्य चरांच्या आणि नद्यांच्या काठी छोट्या छोट्या पाणथळी पुन्हा निर्माण करण्यास निधी देत आहे. काही शेतकरी जमिनीखालच्या नळ्यांच्या तोंडाशी फळ्यांची दारे बसवून पाणी हवे तेवढेच सोडू लागले आहेत, खत मोजून आणि मातीखाली देऊ लागले आहेत. एवढ्याने ऋण फिटले असे नाही. पण हप्ता सुरू झाला आहे, आणि ज्याने हप्ता सुरू केला त्याने ऋण मान्य केले. वायन्डॉट आणि ओटावांच्या देण्याचा पहिला हप्ताही बहुधा असाच, ते देणे आहे हे मान्य करण्यापासून सुरू होईल.

आपल्या जुन्या घरांतून दप्तरे असतात: सनदा, इनामपत्रे, खरेदीखते, विहीर बांधल्याच्या आणि माळ लागवडीस आणल्याच्या नोंदी. पूर्वजांनी काय मिळवले ते त्यांत लिहिलेले असते आणि त्याचा अभिमान बाळगणे गैर नाही. ते मिळवताना कोणाचे पाणी वळले, कोणाचे गुरचरण गेले, ओढ्याच्या खालच्या अंगाला काय झाले, याचा रकाना त्या दप्तरांत सहसा नसतो. तो भरण्याचे काम त्यांचे नव्हते. त्यांना त्यातले बरेचसे दिसतही नव्हते. आज ज्यांना दिसते, त्यांचे ते काम आहे. पूर्वजांवर ठपका न ठेवता, आणि त्यांच्या नावाचा आडोसाही न घेता, तो रकाना लिहावयास घेणे हेच वारस म्हणवून घेण्याचे दुसरे अंग होय.